शितावरून भाताची परीक्षा

निवड चाचणीत ज्याने ऐंशी धावा काढल्या त्याचं नाव यादीत नाही आणि ज्याने बारा काढल्या त्याचं आहे, असं कसं? संघाची यादी लागली की डहाणूपासून दादरपर्यंत हा प्रश्न ऐकू येतो, आणि विचारणाऱ्याकडे बहुधा उत्तरही तयार असतं : वशिला! कधी कधी ते खरंही असतं. पण वशिल्याचा वाराही नसलेल्या ठिकाणी, जिथे निवडणारा माणूस चोख आहे आणि त्याला फक्त जिंकणारा संघ हवा आहे, तिथेही ऐंशीवाला बाहेर राहतो आणि बारावाला आत जातो. त्यामागे एक हिशेब असतो. या प्रकरणात तो उलगडून बघायचा आहे, आणि तो कुठे चुकतो तेही.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. भात शिजला का हे बघायला आपण पातेलं उपडं करत नाही, एक शीत बोटांत दाबून बघतो. एका शितावरून सगळ्या भाताचं का कळतं? कारण ते शीत बाकीच्या शितांबरोबर त्याच पाण्यात, त्याच आचेवर, तेवढाच वेळ होतं. म्हण खरी ठरते ती या अटीवर. एका पातेल्यातलं शीत दाबून दुसऱ्या पातेल्यातला भात शिजला असं कुणी म्हणालं तर आपण हसू. सराव सामना हेही एक शीतच आहे. ते कुठल्या पातेल्यातलं, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

१. जिंकायचं नसतं तेव्हा काय खेळतात?

सराव सामन्यांचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात शिस्तीत मांडलेला पसारा क्रिकेटमध्ये नाही, अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये आहे. तिथल्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. फेब्रुवारीच्या मध्यावर, उत्तरेकडच्या शहरांत अजून बर्फ असताना, ते दक्षिणेच्या उबेला उतरतात : १५ संघ फ्लोरिडात, १५ ॲरिझोनात. फ्लोरिडातल्या सामन्यांना तिथल्या फळावरून ग्रेपफ्रूट लीग म्हणतात आणि ॲरिझोनातल्यांना निवडुंगावरून कॅक्टस लीग. महिनाभर रोज सामने होतात, तिकीट काढून लोक बघायला येतात, वर्तमानपत्रं धावफलक छापतात आणि यातल्या एकाही निकालाची नोंद खऱ्या हंगामाच्या गुणतक्त्यात होत नाही. मार्चअखेर प्रत्येक संघाला २६ खेळाडूंची यादी पक्की करावी लागते. शिबिरात मात्र त्याच्या दुपटीहून अधिक माणसं आलेली असतात.

हे सामने बघताना नवख्या माणसाचा गोंधळ उडतो. नावाजलेला खेळाडू दोन-तीनदा फलंदाजी करतो आणि सामना अर्ध्यावर असताना कपडे बदलून निघून जातो. त्याच्या जागी पाठीवर ८७ किंवा ९२ असा आकडा असलेला कुणी अनोळखी मुलगा येतो. अनुभवी पिचर एकच नवा चेंडू पुन्हा पुन्हा टाकून बघतो. तो फटकावला जातो आहे हे दिसत असूनही टाकतो, कारण आज त्याला सामना जिंकायचा नसतो, तो चेंडू हातात बसवायचा असतो. आता त्या पिचरविरुद्ध कुणी दोन होमरन ठोकले तर ते नेमके कशाचे पुरावे? फलंदाजाच्या कसबाचे, की पिचरच्या प्रयोगाचे?

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाते ती चेन्नईची बुची बाबू स्पर्धा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, रणजी हंगामाच्या आधी, लाल चेंडूने होणारी. काही वर्षं बंद पडलेली ही स्पर्धा २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि मुंबई तिथे संघ पाठवते. मुंबईची स्वतःची कांगा लीगही आहे, १९४८ पासूनची, भर पावसात ओल्या खेळपट्टीवर खेळली जाणारी. पण तिला सराव म्हटलेलं जुन्या क्रिकेटप्रेमींना सहन होणार नाही, म्हणून तिचा विषय इथेच थांबवू.

२. शंभरात बेचाळीस वेळा

आता थोडा हिशेब. घाबरायचं कारण नाही, तो किराणा दुकानातल्या हिशेबाहून अवघड नाही. दोन फलंदाज घ्या. एकाची सरासरी ४०, दुसऱ्याची ३०. हा फरक लहान नाही. वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये चाळिशीवाला वर्षानुवर्षं खेळत राहतो, तर तिशीवाल्याची जागा दर हंगामात धोक्यात असते. दोघांनाही एकाच चाचणीत एकेक डाव दिला. तिशीवाला चाळिशीवाल्यापेक्षा जास्त धावा काढेल याची शक्यता किती? बहुतेक लोक म्हणतील, शंभरात दहा-वीस वेळा. प्रत्येक धावेला बाद होण्याचा धोका सारखाच आहे असं सोपं गृहीत धरून मोजलं, तर उत्तर येतं ४२. नाणं उडवलं असतं तर ५० आलं असतं. म्हणजे एका डावाची चाचणी नाणेफेकीपेक्षा थोडीच शहाणी.

त्याच हिशेबाने, चाळिशीवाला उत्तम फलंदाज पाच डावांतून एकदा दहाच्या आत बाद होतो. त्यात त्याची चूक नाही, फलंदाजी हा धंदाच तसा आहे. उलट बाजूने बघा. चाचणीला तिशीच्या सरासरीचे ३० फलंदाज आले आणि प्रत्येकाला दोन डाव मिळाले, तर एकूण ६० डाव झाले. तिशीवाला शंभर डावांत जेमतेम चार वेळा शतक करतो. म्हणजे या ६० डावांत दोन शतकं आणि नऊ-दहा अर्धशतकं निघणं अगदी स्वाभाविक आहे. सगळे एकाच दर्जाचे आहेत हे आपण आधीच ठरवलं होतं, तरी संध्याकाळी मैदानातून दोन ‘हिरो’ बाहेर पडतील, आणि ते बाकीच्यांपेक्षा सरस आहेत अशी सगळ्यांची खात्री झालेली असेल. ज्याने ऐंशी काढल्या तो वाईट आहे असं हा हिशेब म्हणत नाही. ऐंशी आणि बारा यांतल्या फरकात कसब किती आणि दैव किती हे एका दिवसात वेगळं करता येत नाही, एवढंच तो म्हणतो.

३. पातेलं कुणाचं?

दैवाचा भाग बाजूला ठेवला तरी दुसरी अडचण उरते : धावा कुणाविरुद्ध आणि कशावर? डहाणू-तलासरीत भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांत क्रिकेट सुरू होतं. खेळ बहुतेक टेनिस बॉलचा आणि मोजक्या षटकांचा. टेनिस बॉल हलका असतो, उंच उसळतो आणि त्याला शिवण नसते. त्यावर मोठा झालेला मुलगा आडव्या बॅटने उंच चेंडू उचलण्यात पटाईत होतो, कारण तिथे तेच फायद्याचं असतं. तोच मुलगा सीझन बॉलसमोर मॅटिंगवर उभा राहिला की चेंडू वेगाने पण इमानाने येतो, आणि टर्फवर उभा राहिला की शिवणीवर पडून कधी आत, कधी बाहेर जातो. पोरगा तोच, हात तेच, पण ही तीन वेगळी पातेली आहेत. गावच्या स्पर्धेतल्या ‘मालिकावीर’ करंडकाकडे निवडणारा बघतही नाही म्हणून राग येतो. तो राग समजण्यासारखा आहे, पण निवडणाऱ्याला त्या करंडकावरून त्याच्या पातेल्यातलं काहीच कळत नाही, हेही तितकंच खरं.

हाच नियम अगदी वरपर्यंत लागू पडतो. २०२५ च्या उन्हाळ्यात, इंग्लंडच्या कसोटी मालिकेआधी, कँटरबरीला भारत ‘अ’ संघाचा सामना इंग्लंड लायन्सशी झाला. तेव्हा विदर्भाकडून खेळणाऱ्या करुण नायरने त्यात एका डावात २०४ धावा केल्या. मग कसोटी मालिका सुरू झाली. तिथे त्याच्या धावा अशा : ०, २०, ३१, २६, ४०, १४, ५७, १७. बेरीज करा, २०५ होते. सरावाच्या एका डावात जेवढं पीक आलं, तेवढंच कसोटीच्या आठ डावांत मिळून आलं. देश तोच, महिने जवळजवळ तेच. बदललं होतं ते समोरचं आक्रमण आणि त्या आक्रमणाचा हेतू. अर्थात इथे निवड समितीला दोष देता येणार नाही. नायरचं नाव कसोटी संघात त्या २०४ च्या आधीच जाहीर झालं होतं, आणि तेही रणजीच्या एका हंगामातल्या ८६३ धावांच्या जोरावर. समितीने एक शीत दाबलं नव्हतं, मूठभर दाबली होती. तरीही अंदाज पुरता उतरला नाही. मूठभर शितांचं असं होत असेल, तर एका शिताचं काय सांगावं?

४. जागा किती आहेत?

तिसरी गोष्ट प्रेक्षकांना सगळ्यात कमी दिसते, आणि माझ्या मते निकालावर सगळ्यात जास्त परिणाम तिचाच होतो. निवड म्हणजे चांगल्या खेळाडूंची उतरत्या क्रमाने लावलेली यादी नसते. ती रिकाम्या खुर्च्या भरणं असतं. यष्टिरक्षकाची एक खुर्ची, नव्या चेंडूच्या दोन, डावखुऱ्या फिरकीची एखादी. सलामीवीराच्या दोन्ही खुर्च्या भरलेल्या असतील तर सलामीला येऊन ऐंशी काढणाऱ्याला बसवायचं कुठे? आणि बारा काढून नाबाद राहिलेला मुलगा दहा षटकं नेमकी टाकतही असेल, तर त्याच्यासाठी कदाचित एक खुर्ची रिकामी असते.

याचं उदाहरण शोधायला इंग्लंडला गेलं तरी पालघरचाच माणूस भेटतो. त्याच २०२५ च्या जूनमध्ये बेकनहॅमला भारतीय संघ आणि भारत ‘अ’ यांच्यात बंद दाराआड आपसातला सामना झाला. त्यात दोन शतकं गाजली. सर्फराझ खानने ७६ चेंडूंत १०१ केल्या आणि पालघरच्या शार्दूल ठाकूरने नाबाद १२२. आठवड्याच्या आत लीड्सची पहिली कसोटी होती. शार्दूल खेळला, सर्फराझ नाही. वरवर पाहता १२२ ने १०१ ला हरवलं असं वाटेल, पण तसं काही झालं नव्हतं. कसोटी संघ २४ मे रोजीच जाहीर झाला होता आणि त्यात सर्फराझ नव्हता. तिथे त्याच्यासाठी खुर्चीच नव्हती, मग त्याने १०१ केल्या काय किंवा २०१ केल्या काय. शार्दूलची खुर्ची ठरलेली होती : चौथा वेगवान गोलंदाज, जो आठव्या क्रमांकावर येऊन धावाही करू शकेल. लीड्सला त्याने १ आणि ४ धावा केल्या, पहिल्या डावात त्याला जेमतेम सहा षटकं मिळाली, आणि दुसऱ्या डावात त्याने बेन डकेट व हॅरी ब्रूक यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केलं. पुढच्या कसोटीत तो बाहेर बसला. सरावातल्या १२२ ची ऊब एवढीच टिकली.

बेसबॉलमध्ये तर या खुर्च्यांचे नियमच लिहून ठेवले आहेत. नवोदित खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवायचं तर संघ ते सर्वसाधारणपणे तीन हंगामांपर्यंत मोकळेपणाने करू शकतो. त्यानंतर त्याला खाली पाठवायचं असेल तर आधी बाकीच्या संघांना त्याला उचलण्याची संधी द्यावी लागते. त्यामुळे मार्चमध्ये असं चित्र नेहमी दिसतं : सरावात चमकलेल्या तरुणाला खाली धाडतात आणि यथातथा खेळलेल्या जुन्याला ठेवून घेतात. प्रेक्षक चिडतात. व्यवस्थापकाचं गणित सरळ असतं. तरुण खाली गेला तरी घरातच राहतो, जुना गेला तर शेजाऱ्याचा होतो.

५. मग हे सामने खेळायचेच कशाला?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, सराव सामन्यावरून काहीच कळत नसेल तर चिठ्ठ्या टाकून संघ निवडा. आक्षेप रास्त आहे, पण काहीच कळत नाही असं मी म्हटलेलं नाही. धावा आणि बळी फार थोडं सांगतात. इतर काही गोष्टी बरंच सांगतात. गोलंदाजाचा वेग सहा चेंडूंत कळतो, त्याला साठ सामने लागत नाहीत, कारण वेग नशिबाने येत नाही. चेंडू टाकताना त्याचा पुढचा पाय दर वेळी एकाच जागी पडतो का, आठव्या षटकात धाव मंदावते का, फलंदाज मागच्या पायावर जातो की नुसता मागे सरकतो, क्षेत्ररक्षक चेंडू येण्याआधी हलतो की आल्यावर, दुखावलेला खांदा पूर्ण फिरतो का : ही सगळी एकाच पातेल्यातली शितं. समोर कोण आहे यावर ती फारशी अवलंबून नसतात आणि दैवाचा त्यांत वाटा कमी. बेसबॉलमधल्या आकडेतज्ज्ञांचाही अनुभव असाच आहे. सराव हंगामातल्या फलंदाजीच्या सरासरीवरून पुढच्या हंगामाचा अंदाज फारसा बांधता येत नाही, पण फलंदाज किती वेळा चेंडू हुकवून बाद होतो यावरून त्याहून बरा बांधता येतो. म्हणून सीमारेषेबाहेर उभा असलेला अनुभवी निवडकर्ता धावफलकाकडे पाठ करून नेटकडे बघत असेल, तर त्याचं लक्ष नाही असं समजू नये.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. धावा मोजायच्या नाहीत आणि ‘नजरेने’ पारखायचं असं ठरलं, की वशिल्याला राजमार्ग मिळतो. धावा निदान सगळ्यांना दिसतात, नजर कुणाला दिसते? हा आक्षेप मला पूर्ण खोडता येत नाही. पारखणारा जे पाहतो ते त्याने लिहून ठेवलं पाहिजे, एवढंच त्यावर उत्तर. वेग किती, तंदुरुस्ती कशी, कुठली खुर्ची रिकामी होती आणि ती कुणाला का दिली, हे चार ओळींत लावता येतं. नुसती नावांची यादी लावणारा संघ शंका ओढवून घेतो, मग निवड कितीही चोख असो.

६. दार उघडण्यापुरता एक सामना

तरी एका मोठ्या पुराव्याचं उत्तर द्यायचं राहिलंच. शार्दूल ठाकूरची वाट एका सामन्यानेच बदलली. बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरकडून खेळताना त्याने बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्ध अशी काही कामगिरी केली, की तिथले प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्या शाळेत बोलावलं. रोज पालघरहून रेल्वेची ये-जा जमेना तेव्हा त्यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. मग एका सामन्यावरून निवड होत नाही असं कसं म्हणायचं?

लाड यांनी नेमकं काय केलं ते बघा. त्यांनी त्याला मुंबईच्या संघात घातलं नाही. त्यांनी त्याला आणखी पुष्कळ सामने मिळतील अशा जागी आणलं. ‘पुन्हा बघू’ म्हणायला एक सामना पुरतो. चूक झाली तर चार दिवस वाया जातात, बस्स. ‘नको’ म्हणायला मात्र एक सामना मुळीच पुरत नाही, कारण ती चूक कधी उघडकीलाच येत नाही. घरी गेलेला मुलगा पुढे काय झाला असता हे कुणाला कळणार? याच शार्दूलने २०१२ मध्ये मुंबईकडून रणजीत पदार्पण केलं तेव्हा पहिल्या चार सामन्यांत त्याला चार बळी मिळाले, प्रत्येकी ८२ धावा देऊन. हे आकडे बघून कुणी ‘नको’ म्हटलं असतं तर त्याला दोष देता आला नसता. मुंबईने म्हटलं नाही. पुढच्या हंगामात त्याने सहा सामन्यांत २७ बळी घेतले आणि त्याच्या पुढच्या हंगामात दहा सामन्यांत ४८.

चाचणीतला खरा अन्याय इथे आहे, आणि तो नकाशावर दिसतो. मुंबई क्रिकेट असोसिएशनचा पसारा पश्चिम रेल्वेवर थेट डहाणूपर्यंत येतो. तिच्याशी संलग्न अशी पालघर-डहाणू तालुक्याची क्रीडा संघटनाही आहे. पलीकडचं उंबरगाव लागलं की गुजरातची हद्द. कागदावर डहाणूचा मुलगा आणि दादरचा मुलगा एकाच रांगेत उभे आहेत. पण डहाणू रोड चर्चगेटपासून सुमारे १२४ किलोमीटर आहे. लोकल तिथवर आली ती एप्रिल २०१३ मध्ये. तलासरी गावाला तर स्टेशनच नाही, आधी महामार्गाने किंवा आतल्या रस्त्याने रेल्वे गाठायची. दादरच्या मुलाने एका चाचणीत बारा धावा केल्या तरी शाळेचे, क्लबचे आणि कांगाचे सामने मिळून वर्षभरात त्याची पंधरा-वीस शितं कुणी ना कुणी दाबून बघतं. तलासरीच्या मुलाचं एकच शीत दाबलं जातं, तेही पहाटे तीनला उठून दोन वाहनं बदलून आलेलं. नियम दोघांना एकच, दैवाचा फटका मात्र एकालाच. चाचणी डहाणूत भरवली आणि ती एकाऐवजी तीन रविवार चालवली, तर हा फरक सगळा नाही तरी बराच कमी होईल. त्याला स्टेडियम लागत नाही. एक बरी टर्फ, एक स्कोअरर आणि डहाणूपर्यंत यायला तयार असलेला एक निवडकर्ता पुरे.

तोवर घरच्यांनी करण्यासारखं एक काम आहे. मुलासाठी एक शंभरपानी वही घाला. प्रत्येक सामन्यानंतर त्यात पाच गोष्टी लिहा : चेंडू कुठला, विकेट मॅटिंगची की टर्फची, समोरचा संघ कोण, कितव्या क्रमांकावर खेळला किंवा कितवं षटक टाकलं, आणि बाद कसा झाला. धावा सगळ्यात शेवटी लिहा. चाचणीला जाताना ती वही किटबॅगमध्ये टाका आणि निवडणाऱ्यापुढे उघडून ठेवा.